खान्देशात नवं वाफेचं मॉडेल इंजिन पहिल्यांदा चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळच्या आसपास वाढलेल्या माणसाला इंजिनाचं वेड लागायला फार काही लागत नाही. घरातलं नाहीतर शेजारचं कोणीतरी रेल्वेत असतंच, आणि वाफेच्या शेडच्या गोष्टी जेवताना ऐकूनच पोरं मोठी होतात. त्यातलं एखादं मोठं झाल्यावर खरोखर वाफेवर चालणारं छोटं इंजिन मागवतं आणि मग प्रश्न सुरू होतात. इंजिनासोबत येणारी पुस्तिका चांगली असते, पण ती लिहिलेली असते थंड, ओलसर हवेसाठी. आपल्याकडचं बोअरचं पाणी आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन तिच्या लेखकाच्या डोळ्यांसमोर नसतं. खालची उत्तरं त्या पुस्तिकेला पूरक म्हणून वाचावीत. दाबाचा आकडा, पाण्याचं माप, झडपेची रचना या बाबतीत मात्र पुस्तिकेचाच शब्द शेवटचा.

हे पान नक्की कोणत्या इंजिनांसाठी आहे?

तांब्याचा बॉयलर, आत खरं पाणी, खाली ब्यूटेन गॅसची किंवा स्पिरिटची ज्योत, आणि वाफेने हलणारा दट्ट्या असलेल्या इंजिनांसाठी. ही बहुतेक ३२ मिमी किंवा ४५ मिमी रुंदीच्या रुळांवर चालतात. विजेवर चालणाऱ्या, वाफेच्या इंजिनासारख्या फक्त दिसणाऱ्या मॉडेलबद्दल पुढे एक छोटं उत्तर आहे.

खोकं उघडल्या उघडल्या पेटवून बघू का?

नको. पहिली संध्याकाळ नुसती बघण्यात घालवा, इंजिन कायमचं ओळखीचं होतं.

जुनं पांढरं धोतर नाहीतर चादर टेबलावर पसरा, म्हणजे निसटलेला स्क्रू लगेच दिसेल. परदेशातून हादरे खात आलेल्या इंजिनाचे स्क्रू सैल झालेले असू शकतात. चाकांना जोडणारे दांडे, क्रँकचे स्क्रू, सिलिंडर बसवलेले बोल्ट एकेक करून हलक्या हाताने तपासा. जोर लावू नका, हे स्क्रू बारीक असतात आणि पितळेतली आटी पटकन जाते. मग इंजिन हाताने पुढे-मागे ढकला. चाकं पूर्ण फेरा घेतात का, कुठे एका जागी अडतात का, ते बोटांना कळतं. नव्या इंजिनाची पॅकिंग, म्हणजे वाफ गळू नये म्हणून दांड्यांभोवती भरलेली वेष्टणं, घट्ट असल्यामुळे थोडं जड लागणारच. सगळीकडे सारखं जड असेल तर चिंता नाही. प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी अडत असेल तर मात्र पेटवण्याआधी कारण शोधा.

सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) कुठे आहे, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा नॉब) कोणत्या बाजूला उघडतो, गॅसचा नॉब कोणता, ल्युब्रिकेटरचं (सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीचं) झाकण कोणतं, हे डोळे मिटून हाताला सापडलं पाहिजे. इंजिन तापल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

बॉयलरमध्ये कोणतं पाणी घालायचं? नळाचं चालेल का?

आपल्याकडे हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बोअरचं पाणी कधीच घालू नका. ज्यांच्या घरी गिझर आहे त्यांनी त्याची कॉईल एकदा काढून बघावी, दोन-तीन वर्षांत तिच्यावर पांढरं कवच चढलेलं असतं. तेच कॅल्शियम मॉडेलच्या बॉयलरमध्ये साचतं, आणि इथे तर जागाच पेलाभर पाण्याची. क्षाराच्या थरातून उष्णता नीट जात नाही. पाणी तापायला वेळ लागतो, गॅस जास्त जळतो, आणि सुटलेले कण रेग्युलेटरमध्ये नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन अडकतात. यातली शेवटची गोष्ट धोक्याची आहे.

गॅरेजमध्ये मिळणारं ‘बॅटरीचं पाणी’ बहुतेक वेळा डीआयोनाइझ्ड असतं. काही इंजिन बनवणारे ते वापरू नका म्हणून सांगतात, कारण क्षार पूर्ण काढलेलं पाणी पितळेतलं जस्त ओढून घेतं असं त्यांचं मत आहे. काहींना ते चालतं. पुस्तिकेत ‘डिस्टिल्ड’ लिहिलं असेल तर खरोखर ऊर्ध्वपातन केलेलं पाणीच आणा, डब्यावरचं लेबल नीट वाचून.

माझ्या मते आपल्याकडे सर्वांत चांगलं पावसाचं पाणी. पहिले दोन-चार पाऊस हवेतली धूळ धुऊन निघण्यासाठी जाऊ द्या, मग स्वच्छ स्टीलच्या पातेल्यात थेट आभाळातून धरा आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून काचेच्या बाटल्यांत भरून ठेवा. एका फेरीला शंभर-दोनशे मिली लागतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये भरलेल्या काही बाटल्यांवर अख्खा हिवाळा निघतो. ते नसेल तर घरच्या आरओचं पाणी, पण आधी क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने तपासून. आरओची मेंब्रेन जुनी झाली की पाणी चवीला बरं लागतं आणि मीटरवर आकडा चढलेला असतो.

पाणी किती भरायचं?

काठोकाठ नाही. वर वाफेला जागा लागते. काही बनवणारे बॉयलर आधी पूर्ण भरून मग सिरिंजने ठरावीक पाणी, बरेचदा ३० मिली, काढून घ्यायला सांगतात. ही पद्धत सोपी आणि बिनचूक आहे. सिरिंज मेडिकलमध्ये मिळते, पुढे सलाईनच्या नळीचा तुकडा लावला की बॉयलरच्या तोंडात नीट जाते. पाणी जास्त झालं तर वाफेबरोबर उकळतं पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि धुराड्यातून तेलकट फवारा उडतो.

मोटारसायकलचं ऑईल चालेल का?

बाहेरच्या दांड्यांना, धुऱ्यांना शिवणयंत्राचं तेल किंवा हलकं मशीन ऑईल चालतं. सिलिंडरसाठी चालत नाही. वाफ ओली असते, साधं इंजिन ऑईल ती धुऊन नेते, आणि मोटारीच्या ऑईलमधली साफ करणारी द्रव्यं पाण्यात मिसळून फेसाळ चिकटा तयार करतात. स्टीम ऑईल मुद्दाम दाट केलेलं असतं, ओल्या गरम धातूला धरून राहण्यासाठी. औद्योगिक वंगण विकणाऱ्या दुकानात ‘स्टीम सिलिंडर ऑईल, ४६० ग्रेड’ असं विचारा. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या दुकानांत चौकशी करून बघायला हरकत नाही. अडचण एवढीच की ते डब्याने विकतात आणि आपल्याला वाटीभरच लागतं, म्हणून दोघा-चौघांनी मिळून घ्यावं.

ल्युब्रिकेटर काम करतोय का हे कळायला सोपी युक्ती आहे. इंजिन चालत असताना धुराड्यावर पांढऱ्या कागदाचा तुकडा क्षणभर धरा. कागदावर तेलाचे बारीक ठिपके उमटले पाहिजेत. कागद नुसता ओला झाला तर तेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, लगेच थांबवा.

घरच्या सिलिंडरमधून गॅस भरता येईल का?

कधीही नाही, कोणी जाणकार म्हणवणाऱ्याने सांगितलं तरी नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन मिसळलेला असतो, आणि एकाच तापमानाला शुद्ध प्रोपेनचा दाब ब्यूटेनच्या सुमारे चौपट असतो. इंजिनाची गॅसची टाकी ब्यूटेनसाठी बनवलेली असते. लायटरमध्ये भरायचा ब्यूटेनचा डबा किंवा पोर्टेबल शेगडीचं ब्यूटेनचं काडतूस वापरा, डब्यावर ‘ब्यूटेन’ लिहिलेलं पाहून. विमानाने येणाऱ्या पार्सलमध्ये गॅस येत नाही, त्यामुळे इंजिन येण्याआधीच इथे सोय करून ठेवा.

उन्हाळ्यात टाकीत गॅस जातच नाही, सगळा बाहेर फुसफुसतो. इंजिन खराब आहे का?

इंजिन चांगलं आहे, हवा तापलेली आहे. डब्यातला द्रव गॅस टाकीत उतरतो तो दोन्हींच्या दाबातल्या फरकामुळे. टाकी डब्यापेक्षा गरम असेल तर तिच्यातला दाब जास्त असतो आणि गॅस उलटा ढकलला जातो. एक फेरी करून आलेलं गरम इंजिन लगेच भरायला गेलं की हेच होतं. इंजिन पूर्ण निवू द्या, सावलीत ठेवा, टाकीला माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा. पाच-दहा मिनिटांत टाकी गार होते आणि गॅस नीट भरतो. डबा तापवायचा विचारही करू नका.

ब्यूटेनचा दाब २० अंशांना जेवढा असतो त्याच्या साधारण दुप्पट ४५ अंशांना होतो. म्हणून मे महिन्यात नॉब नेहमीपेक्षा कमी उघडा, नाहीतर ज्योत घूं घूं करत ओरडते किंवा बर्नर सोडून पुढच्या धुराच्या पेटीत जाऊन जळायला लागते. तसं झालं, धुराडं लालसर दिसायला लागलं, तर गॅस बंद करून थोडं थांबा आणि पुन्हा हळू पेटवा. गॅसचा डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि जळगावात दुपारी उन्हात उभी असलेली बंद गाडी तेवढी सहज तापते.

पहिल्यांदा पेटवतो तेव्हा नेमकं काय काय होतं?

पहिली वाफ रुळांवर करू नका. इंजिनाच्या सांगाड्याखाली पुढे-मागे दोन लाकडी ठोकळे द्या, चाकं अधांतरी राहिली पाहिजेत. जागा मोकळी हवी, वारा बेताचा. आधी पाणी, मग ल्युब्रिकेटरमध्ये तेल, सर्वांत शेवटी गॅस, हा क्रम मोडायचा नाही. गॅस भरून झाल्यावर डबा दूर ठेवा आणि आजूबाजूला सांडलेला गॅस उडून जायला दोन मिनिटं द्या.

लांब दांड्याचा लायटर धुराड्याच्या तोंडाशी धरून नॉब हळूच उघडा. ‘भप्’ असा आवाज होऊन ज्योत मागे बर्नरकडे जाते आणि मग संथ सूं आवाज लागतो. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे इंजिनाची तब्येत याच आवाजावरून कळणार आहे.

आता बराच वेळ काहीच होत नाही. दाबाचा काटा शून्यावर बसून असतो आणि बघणारे ‘हाई चालस का नई?’ म्हणून विचारायला लागतात. बॉयलरला हात जवळ नेला तर धग जाणवते. मग कुठूनतरी बारीक टिकटिक येते, नळ्यांच्या जोडावर एखादा थेंब दिसतो, आणि काटा एकदम थरथरून उठतो. दहा, वीस, मग भराभर. बऱ्याच छोट्या इंजिनांचा चालवायचा दाब दर चौरस इंचाला ४० ते ६० पौंडांच्या दरम्यान असतो. ४० पौंडांना आतलं पाणी १०० अंशांना नाही, सुमारे १४० अंशांना उकळत असतं, हे हात पुढे करताना आठवू द्या.

रेग्युलेटर बंदच ठेवून सेफ्टी व्हॉल्व्ह उडण्याची वाट बघा. कुकरच्या शिट्टीवर जेवढा आपला भरवसा असतो तेवढा या झडपेवर बसल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुस्तिकेतल्या आकड्याच्या आसपास ती उडाली आणि दाब उतरल्यावर पुन्हा नीट बसली, तर इंजिन पास. काटा लाल रेघेच्या पुढे गेला आणि झडप गप्प असेल तर ताबडतोब गॅस बंद. निवल्यावर झडप काढून तपासा, आणि ती दुरुस्त होईपर्यंत इंजिन पुन्हा पेटवू नका.

झडप पास झाली की रेग्युलेटर किंचित उघडा. चाकं अर्धा फेरा घेतील, अडखळतील, धुराड्यातून गरम पाणी थुंकल्यासारखं उडेल. सिलिंडर थंड असतात, त्यांत शिरलेली वाफ गार होऊन पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही म्हणून दट्ट्या अडतो. रेग्युलेटर आणखी उघडायचा मोह टाळा. जाड हातमोजा घालून चाक हाताने पुढे-मागे फिरवा, पाणी निघून जाऊ द्या. दोन-चार फेऱ्यांत सिलिंडर तापतात, आणि मग चाकं एका लयीत फिरायला लागतात. ठोकळ्यांवर एक टाकीभर गॅस संपेपर्यंत संथ फिरू द्या, थोडं पुढच्या दिशेने, थोडं मागच्या. पहिल्या दिवशी एवढंच करा. उत्साह असतोच, तरी रुळांवर दुसऱ्या दिवशीच न्या.

ज्योत बारीक झाली आहे. स्टोव्हच्या पिनेने बर्नरला गॅस सोडणारा जेट साफ करू का?

हात लावू नका. रॉकेलच्या स्टोव्हचं भोक मोठं असतं, इथलं केसाइतकं बारीक. पिन घातली की ते वेडंवाकडं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. जेट सोडवून उलट्या बाजूने हवेचा झोत मारा किंवा थोडा वेळ थिनरमध्ये बुडवून ठेवा. जेटच्या आट्यांना टेफलॉन टेप लावलेली असेल तर तिचा तंतूच बहुतेक वेळा आत अडकलेला असतो.

गच्चीवर रूळ टाकले आहेत. एका बाजूला इंजिन धावत सुटतं आणि दुसऱ्या बाजूला थांबतं. का?

गच्ची सपाट नसते. पावसाचं पाणी नळीकडे जावं म्हणून गवंडी तिला मुद्दाम उतार देतो, साधारण १०० ला १ किंवा त्याहून जास्त. चालताना आपल्याला तो जाणवत नाही, पण रिमोट नसलेलं छोटं इंजिन तो चढताना दम सोडतं आणि उतरताना वळणावर रूळ सोडतं. जुन्या धाब्याच्या घराचं छप्पर तर आणखी वरखाली.

उपाय गवंड्याचाच आहे. पारदर्शक लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून रुळांच्या वाटेवर दर मीटरला खूण करा आणि फळीखाली विटांचे किंवा फरशीचे तुकडे देऊन सगळा मार्ग एका पातळीवर आणा. एक दिवस जातो, पण त्यानंतर इंजिन ज्या समाधानाने फिरतं ते बघितल्यावर कोणीही पुन्हा उतारावर चालवत नाही. वळण जेवढं मोठं तेवढं चांगलं. ४५ मिमीच्या बाजारी रुळांचं सर्वांत छोटं वळण ६०० मिमी त्रिज्येचं येतं, त्यावर छोटी चार चाकी इंजिनं निघून जातात. सहा जोडलेल्या चाकांच्या इंजिनाला एक मीटरच्या पुढे द्या.

रूळ पक्के ठोकणार असाल तर उन्हाचा हिशोब करा. दहा मीटर पितळी रूळ ३० अंशांनी तापला की जवळपास ६ मिमी वाढतो, ॲल्युमिनियमचा सुमारे ७ मिमी. पहाटे आणि दुपारी रुळाच्या तापमानात एवढा फरक आपल्याकडे रोजचा. सांध्यांत फट ठेवली नाही तर दुपारी रूळ नागमोडी होतात.

सुरुवातीला किती डबे जोडावेत?

पहिल्या काही फेऱ्या एकटं इंजिन किंवा दोन हलके डबे. नंतर हळूहळू वाढवा. एकदा इंजिन रुळलं की थोडं ओझं चांगलंच, मागे वजन असलं की गती आवरलेली राहते. सावदा-रावेरच्या केळीच्या वाघिणींसारखी रांग करायची असेल तर वाघिणींची चाकं आधी हाताने फिरवून बघा. एखादी जाम असेल तर दोष उगाच इंजिनाला जातो.

धुराड्यातून वाफ दिसतच नाही. फोटोत तर ढग दिसतात.

ते फोटो थंडीतले. खरी वाफ अदृश्य असते, आपल्याला दिसतात ते तिचे थंड होऊन बनलेले बारीक थेंब. मेच्या कोरड्या गरम हवेत थेंब बनण्याआधीच वाफ विरून जाते. इंजिन तितकंच जोरात काम करत असतं. ढग बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवताना चालवा. त्या वेळी पारा दहाच्या आसपास असला की एवढंसं इंजिन गच्चीभर पांढरं करून टाकतं. तेव्हा गॅस मात्र मंद जळतो, टाकी आधी थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा.

स्पिरिटच्या इंजिनासाठी वेगळं काही?

स्पिरिटची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. विझली समजून स्पिरिट ओतायला जाणं हा यातला सर्वांत मोठा धोका आहे. सावलीत किंवा तिन्हीसांजेला चालवा, भरण्याआधी वात पूर्ण निवल्याची खात्री करा, शेजारी ओलं गोणपाट ठेवा. पंख्याखाली चालवू नका.

घरात लहान मुलं आहेत. काय काळजी घ्यावी?

मुलांना लांब बसवू नका, जवळ बसवा, पण खडूने रेघ आखून तिच्या पलीकडे. पाणी भरायचं काम त्यांच्याकडे द्या, बघता बघता शिकतात. भाजलं तर लगेच वाहत्या नळाखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नये.

आणि एक आपल्याकडची खास गोष्ट. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवलेला असेल, तर त्या घरात, ओट्यावर किंवा त्याच्या गच्चीवर इंजिन अजिबात पेटवू नका. कडब्याच्या गंजीजवळही नाही. कापसाला ठिणगी लागली की आत आत धुमसत राहते आणि बाहेर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

बॉयलर आहे म्हटल्यावर परवाना लागतो का?

२५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची पात्रं बॉयलरच्या कायद्यातल्या व्याख्येत येत नाहीत, आणि आपलं इंजिन अर्ध्या लिटरच्याही आतलं. म्हणजे कोणी निरीक्षक येणार नाही, तपासणी आपणच करायची. बनवणाऱ्याचं बॉयलर चाचणीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. जुनं इंजिन घेताना ते मागाच. ते नसेल तर थंड पाण्याच्या दाबाने चाचणी झाल्याशिवाय पेटवू नका.

माझं इंजिन विजेवरचं आहे, दिसायला वाफेचं. त्याला काय करावं?

डबे न जोडता मध्यम गतीने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आपल्याकडच्या धुळीत हे दर वेळी करावं लागतं. अशा मॉडेलांचा मोठा संग्रह बघायचा असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, सवड काढून जाऊन या.

पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीचं मॉडेल करता येईल का? कोणते रूळ घ्यावेत?

करता येईल, आणि कोणीतरी ते करावंच. ब्रॉडगेज होण्यासाठी बंद झालेल्या त्या मार्गाची रुंदी २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी होती. ३२ मिमीच्या रुळावर काम करायचं तर १:२४ हे प्रमाण जवळपास तंतोतंत बसतं. ४५ मिमीच्या रुळावर साधारण १:१७ येतं, मॉडेल भरदार होतं पण डबे मोठे आणि जड होतात. गच्चीची जागा बेताची असेल तर ३२ मिमी घ्या. डबे स्वतः बनवता येतात, त्यासाठी फोटो आणि मापं जमवायचं काम आत्ताच करा. त्या गाडीने शाळेला, बाजाराला गेलेली माणसं पाचोरा, पहूर, जामनेरला आहेत, त्यांच्याकडे घरगुती फोटो निघतात. दारं कशी होती, बाकं कोणत्या बाजूला होती, रंग कोणता होता, हे त्यांना विचारून लिहून ठेवा.

चालवून झाल्यावर इंजिन तसंच कपाटात ठेवलं तर चालेल?

नाही. गॅस पाण्याच्या आधी संपला पाहिजे, तसा हिशोब ठेवून भरा, म्हणजे बॉयलर कोरडा तापणार नाही. दाब उरला असेल तर रेग्युलेटर उघडून संपवा. इंजिन कोमट झाल्यावर बॉयलरचं झाकण सैल करा. घट्ट राहिलं तर आतली वाफ आटून निर्वात होते आणि ल्युब्रिकेटरमधलं तेल उलटं बॉयलरमध्ये ओढलं जाऊ शकतं. ल्युब्रिकेटरमध्ये तेलाच्या जागी पाणी साचलेलं असतं, ते सिरिंजने काढा आणि किती तेल खर्च झालं ते वहीत लिहा. पुढच्या दोन-तीन वेळा आकडा साधारण तोच आला की ल्युब्रिकेटर नीट चाललाय असं समजा. बाहेरचं तेल सुती फडक्याने पुसून घ्या, कारण आपली काळ्या मातीची धूळ तेलावर बसली की रेगमालाचं काम करते. दांड्यांना नवं तेल एकेक थेंब द्या आणि वरून कापडी पिशवी घाला. प्लास्टिकची नको, आत ओल धरते.